रडणाऱ्या मुलासाठी दिलेला वेळ हिशेबात धरा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतील दंतवैद्यक संघटनांचे पदाधिकारी,
तसेच बालदंततज्ज्ञांना आपल्या क्लिनिकमध्ये बोलावणारे सर्व क्लिनिकचालक यांस

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. बालदंतचिकित्सा हा माझा विषय. पाचपाखाडीत माझं स्वतःचं छोटं क्लिनिक आहे आणि आठवड्यातले काही दिवस मी ऐरोलीपासून नेरूळपर्यंत दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून जाते. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. काहींच्या चेअरवर मी गेली कित्येक वर्षं काम करते आहे आणि त्या घरोब्याच्या बळावरच हे लिहिते. दोन पेशंटच्या मध्ये चहा पिता पिता बोलून संपेल एवढा हा विषय आता राहिलेला नाही, म्हणून उघड पत्र.

आमच्या शाखेतली माणसं थकली आहेत आणि एकेक करून मुलांचं काम सोडून चालली आहेत. बारावीनंतर पाच वर्षं बीडीएस, पुढे तीन वर्षं एमडीएस, एवढं शिकून माझी एक ज्युनियर आता फक्त मोठ्यांच्या केसेस घेते. लहान मुलांच्या अपॉइंटमेंट ती घेतच नाही. दुसरी कॉलेजात शिकवायला लागली. तिसऱ्याने ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मेडिकल कोडिंगची, म्हणजे आजार-उपचारांच्या नोंदींना संकेतांक देण्याची, नोकरी धरली. तिथे निदान शनिवार-रविवार घरी असतो, म्हणतो. तिघांचेही हात चांगले होते. मुलं त्यांच्याकडे हसत जायची. अशी माणसं सोडून जातात तेव्हा ‘त्यांना जमलं नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो, हे मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या तीन बाजू सांगितल्या आहेत : अंगातलं बळ संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. कारण म्हणून एकच गोष्ट दिली आहे : कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण, जो नीट हाताळला गेलेला नाही. हे पत्र मी थकलेल्या डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे ते त्यामुळेच. कामाची जागा, वेळ आणि पैशाची वाटणी तुमच्या हातात आहे. अधिवेशनात सकाळी सहाला योगाचं सत्र ठेवून यातलं काही बदलत नाही.

बाहेरून हे काम पाहणाऱ्याला केस पेपरवर एक ओळ दिसते : खालच्या दाढेची पल्पेक्टोमी (दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल), स्टीलची कॅप. त्या ओळीत काय काय असतं ते जरा तपशिलाने सांगते, कारण तुमच्यातल्या अनेकांनी इंटर्नशिपनंतर लहान मूल चेअरवर घेतलेलं नाही.

संध्याकाळचे साडेसात. चार वर्षांचा मुलगा. दोन रात्री दाढ ठणकते म्हणून झोपलेला नाही. सकाळी शाळा, मग डे-केअर, आई ऑफिसातून सुटल्यावर घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून त्याला घेऊन आलेली. बरोबर आजी. वाटेत त्याला सांगून ठेवलेलं, ‘रडलास तर डॉक्टर मोठी सुई टोचतील.’ तो दारातच जमिनीवर बसतो. त्याला चेअरपर्यंत आणायला वीस मिनिटं लागतात, आणि ती वीस मिनिटं पुढच्या पेशंटच्या वेळेतून जातात. मग सुरू होतं ‘सांगा, दाखवा, करा’. १९५९ मध्ये अ‍ॅडलस्टनने मांडलेली ही पद्धत आजही आमचा पाया आहे. मुलाच्या भाषेत एअरोटर (दात कोरायचं यंत्र) म्हणजे पाण्याचा फवारा, सक्शन म्हणजे तहानलेली नळी, एक्स-रे म्हणजे दाताचा फोटो. ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवायचा, मग आईच्या नखावर, मग दातावर. तोवर मनातल्या मनात त्याच्या वजनावरून भुलेच्या औषधाचा डोस काढायचा, कारण एवढ्याशा शरीरात जास्तीचं औषध जाण्याला फार थोडी जागा असते. सिरिंज असिस्टंटने त्याच्या नजरेखालून, हनुवटीच्या खालच्या बाजूने माझ्या हातात द्यायची. गाल हलवत राहायचं, गोष्ट चालू ठेवायची आणि सुईचं टोक त्याला न कळता आत जाऊ द्यायचं.

आणि मग तो लाथ मारतो. हातात एअरोटर आहे, त्याचं कोरणारं टोक, म्हणजे बर, मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या घेतोय, जीभ काही मिलिमीटरवर आहे. डाव्या हाताची बोटं जीभ आणि गाल अडवून धरतात, उजवा हात त्याच क्षणी मागे येतो. त्याचं किंचाळणं माझ्या कानापासून वीतभर अंतरावर असतं. मास्कमुळे त्याला माझे फक्त डोळे दिसतात, म्हणून डोळ्यांत हसू ठेवायचं. आवाज चढवायचा नाही, उलट आणखी खाली आणायचा. आजी दारातून म्हणते, ‘सोडा हो त्याला, लेकरू काळंनिळं झालंय.’ वडील व्हिडिओ कॉलवर विचारतात, अजून किती वेळ. या सगळ्यात माझी पाठ वाकलेली आहे, मान एका बाजूला वळलेली आहे, आणि मला राग, भीती, घाई यातलं काहीही चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. मूल शांत होतं ते माझ्या शांतपणाकडे बघून. तो शांतपणा प्रत्येक मुलागणिक नव्याने आणावा लागतो.

काम होतं. मुलगा स्टिकर घेऊन जातो. ‘दोन तास ओठ चावू देऊ नका’ असं आईला सांगितलेलं असतं. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो : ओठ सुजलाय, आत पांढरा चट्टा. बधिर ओठ त्याने गंमत म्हणून चावलेला असतो. काही दिवसांत आपोआप भरतो. पण आई घाबरलेली असते, तिला ‘वाचलं, उद्या बोलू’ असं कळवून भागत नाही. फोन करावाच लागतो. तोवर माझी स्वतःची मुलगी झोपलेली असते.

ही एक केस झाली. अशा एका संध्याकाळी पाच लागोपाठ लावलेल्या असतात, कारण ‘मॅडम आज आल्या आहेत तर सगळी मुलं आजच करून घेऊ’.

आम्ही मुलाच्या वागण्याची नोंद करतो. फ्रँकलने १९६२ मध्ये दिलेली चार पायऱ्यांची पट्टी आहे. केस पेपरवर मायनस-मायनसपासून (अजिबात सहकार्य नाही) प्लस-प्लसपर्यंत (पूर्ण सहकार्य) लिहितो. पुढच्या वेळी कोण कसं वागेल याचा अंदाज त्यावरून येतो. पण डॉक्टरच्या एका दिवसात किती मायनस-मायनस आले, ते लागोपाठ आले की मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला, याची नोंद कुठल्याच क्लिनिकच्या डायरीत नसते. रिसेप्शनवरच्या मुलीला सगळ्या अपॉइंटमेंट सारख्याच दिसतात. अर्ध्या तासाची एक, अर्ध्या तासाची दुसरी.

आता पैशाचं बोलते. आपल्यात हे बोलायचा संकोच असतो, पण सगळ्याचं मूळ तिथेच आहे. व्हिजिटिंग कन्सल्टंटला मोबदला मिळतो तो झालेल्या प्रोसिजरवर, ठरलेल्या टक्क्यांनी. मुलाने तोंड उघडलं नाही तर प्रोसिजर नाही, आणि प्रोसिजर नाही तर काहीच नाही. समजा पाऊण तास मी त्याच्याशी बोलले, आरसा त्याच्या हातात दिला, चेअर वर-खाली करून दाखवली, त्याने स्वतःहून दात मोजू दिले आणि ‘परत येईन’ म्हणून गेला. आमच्या शास्त्राप्रमाणे तो दिवस यशस्वी. त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याच्या दृष्टीने तर फारच यशस्वी, कारण दातांच्या डॉक्टरची भीती बहुतेकदा लहानपणीच बसते आणि चाळिशीपर्यंत जात नाही. बिलात मात्र त्या पाऊण तासाची किंमत शून्य. मी ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून कोपरखैरण्याला जाऊन रिकाम्या हाताने परत येते. क्लिनिकची खुर्ची अडली म्हणून तुम्हीही नाराज असता.

यातून काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वेळी माणूस घाई करतो. पालकही म्हणतात, ‘धरून करून टाका ना, आम्ही पकडतो.’ क्लिनिकचालक म्हणतो, ‘एकाच सिटिंगमध्ये उरका.’ ज्या मुलाला दोन भेटी दिल्या असत्या तर त्याने आपण होऊन तोंड उघडलं असतं, त्याच्या दातांत माउथ प्रॉप (तोंड उघडं ठेवणारा ठोकळा) बसतो आणि चार हात त्याला धरून ठेवतात. कधी कधी धरावं लागतंच. इन्फेक्शन पसरत असेल, मूल फार लहान असेल, तेव्हा पर्याय नसतो आणि त्याचेही नियम आहेत. पण थकलेल्या डॉक्टरचा धीर लवकर सुटतो आणि धरण्याचा निर्णय लवकर होतो. बर्नआउटची दुसरी बाजू, मन तुटणं, आमच्या शाखेत अशी दिसते : समोरचं मूल ‘किती वाजेपर्यंत संपेल’ या प्रश्नापुरतं उरतं. ते भोगतं ते मूल. डॉक्टरही रात्री घरी जाऊन भोगतोच.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. मीही भाडं भरते, चेअरचे हप्ते भरते, असिस्टंटचा पगार देते. पालकांवरही भार आहे, कारण बाह्यरुग्ण दंतउपचार बहुतेक आरोग्य विम्यांत बसत नाहीत, सगळं खिशातून जातं. तरीही माझं मत असं की, आधीच स्पष्ट सांगितलं तर पालक वेळेचे पैसे देतात. हेच पालक स्पीच थेरपीचे पैसे सत्रावर देतात, पोहण्याच्या क्लासचे महिन्यावर देतात, आणि पहिल्या दिवशी मूल पाण्यात उतरलं नाही म्हणून फी परत मागत नाहीत. माझ्या क्लिनिकमध्ये पहिल्या ओळखीच्या भेटीची वेगळी फी आहे, फोनवरच सांगितली जाते. कुरकुर करणारे असतात. बहुतेकांना पटतं.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी हीच : मुलाच्या वर्तनावर खर्च झालेली भेट ही उपचाराची भेट समजा. तिची फी ठरवा, त्यात कन्सल्टंटचा वाटा ठरवा, आणि संघटनेने तसा नमुना करार तयार करून सदस्यांना द्यावा. एकट्या कन्सल्टंटने मागितलं तर पुढच्या महिन्यापासून दुसरीला बोलावलं जातं. सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कुणाचाच तोटा नाही.

वेळेबद्दलही बोलायला हवं. पाच वर्षांखालचं मूल सकाळी सगळ्यात चांगलं सहकार्य करतं, झोप झालेली आणि पोट भरलेलं असताना. आपण त्याला बोलावतो संध्याकाळी सात ते नऊमध्ये, कारण आईवडील बीकेसीहून, अंधेरीहून तेव्हाच परततात. या शहरांची ती अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण शनिवारी सकाळी चेअर मोकळी ठेवता येते. आठवड्यातून एक सकाळ फक्त लहान मुलांसाठी राखता येते. दाढेच्या दुखण्यासाठी एक दिवस अर्धी रजा काढायला आईवडील तयार होतात, त्याचं कारण डॉक्टरने नीट समजावलं तर. आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत, जेव्हा सगळ्या गावाची मुलं एकदम येतात, तेव्हा दोन कठीण मुलांच्या मध्ये पंधरा मिनिटं रिकामी ठेवा. ती पंधरा मिनिटं मला पाणी प्यायला, मान सरळ करायला आणि आधीच्या मुलाचं रडणं कानातून जायला लागतात.

असिस्टंटचं तर सांगायलाच नको. ‘आज नवीन मुलगी आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की, ते ऐकलं की माझे खांदे आपोआप आवळतात. मुलांच्या कामात असिस्टंट हा माझा दुसरा मेंदू असतो. सक्शन कधी जवळ आणायचं, मुलाच्या हातावर हात कधी ठेवायचा, कधी गप्प बसायचं हे तिला कळलं पाहिजे. एक तरी मुलगी शिकवून तयार करा आणि माझ्या दिवशी तिलाच ठेवा.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर क्लिनिकचालकांशी माझे सर्वाधिक वाद झाले. प्रत्येक किडलेल्या दुधाच्या दाढेशी झगडायची गरज नसते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावलं तर बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. ती जागा काळी पडते हे खरं, ते पालकांना आधी सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं आहे. हॉल टेक्निकमध्ये दाढ न कोरता, बहुतेकदा भूल न देता, वर स्टीलची कॅप बसवतात. योग्य केसमध्ये निवडली तर ही दोन्ही कामं काही मिनिटांत, मुलाला न रडवता होतात. पण त्यात बिल लहान होतं, आणि कन्सल्टंटला सुचवलं जातं की ‘पल्पेक्टोमीच करा, झिर्कोनियाची (दाताच्या रंगाची, महाग) कॅप द्या’. निवड डॉक्टरच्या हातात राहू द्या. आपल्याला योग्य वाटतं त्याच्या उलट, रडत्या मुलावर, बिलासाठी काम करावं लागणं यासारखं दुसरं काही माणसाला आतून झिजवत नाही.

शाळांमधल्या शिबिरांबद्दल थोडक्यात. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या मुलांचे वरचे पुढचे दात दोन-तीन वर्षांचे होईतो संपलेले असतात. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ म्हणत पालक थांबतात, आणि मागच्या दुधाच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढही लोक दुधाची समजून सोडून देतात. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल आमच्याकडे यावं, ही शिफारस बालरोगतज्ज्ञांच्या बैठकांत जाऊन सांगणं हे संघटनेचं काम आहे. आज शिबिरात किडलेल्या दातांची यादी होते, फोटो निघतात आणि पुढे काही होत नाही. जी मुलं दुखायला लागल्यावरच येतात, तीच सगळ्यात जास्त रडतात. आमच्या थकव्यातला फार मोठा भाग टाळता येणाऱ्या किडीचा आहे, आणि हे माहीत असूनही रोज तेच बघावं लागणं त्रासाचं आहे.

शेवटची मागणी बोलण्याच्या जागेची आहे. आपल्या सीडीई (दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाच्या) कार्यक्रमांत झिर्कोनिया असतो, लेझर असतो, क्लिनिकचं मार्केटिंग असतं. सगळे यशस्वी केसेसचे फोटो दाखवतात. ज्या मुलाने हाताला चावा घेतला, ज्या आईने वेटिंग रूममध्ये सगळ्यांसमोर आरडाओरड केली, ज्या दिवशी सेडेशन (गुंगीचं औषध) दिलेल्या मुलाचं ऑक्सिजन सॅच्युरेशन दोन आकडे खाली आलं आणि घरी आल्यावरही हात थरथरत राहिले, त्याबद्दल बोलायला जागाच नाही. लंडनमध्ये मायकल बालिंट या मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एक डॉक्टर एक पेशंट मांडतो आणि त्या पेशंटने आपल्यात काय उमटलं यावर बाकीचे बोलतात. उपचाराची परीक्षा तिथे घेतली जात नाही. असे गट जगात अनेक ठिकाणी चालतात. ठाण्यात एक, नवी मुंबईत एक, महिन्यातून एकदा, आठ-दहा जण आणि एखादा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ, एवढ्यावर सुरू करता येईल. नेरूळ, खारघर, कामोठ्याच्या दंत महाविद्यालयांतल्या एमडीएसच्या विद्यार्थ्यांनाही त्यात घ्या. केसेसचा कोटा पुरा करता करता ती मुलं पहिल्याच वर्षी कशी होतात ते त्यांच्या शिक्षकांना दिसत असेलच.

आणि जे सहकारी हे वाचताना ‘माझं हेच चाललंय’ असं मनात म्हणत असतील, झोप उडाली असेल, सकाळी क्लिनिकला जायच्या विचाराने छाती भरून येत असेल, त्यांनी संघटना हलायची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात काही कमीपणा नाही. दात दुखला तर लोकांनी वेळेवर यावं असं आपण रोज सांगतो, तेच मनाच्या दुखण्याबद्दल सांगायला मला संकोच वाटत नाही.

पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत दोन विषय घ्यावेत : वर्तनभेटीच्या फीसह नमुना करार आणि महिन्याचा चर्चागट. कराराचा कच्चा मसुदा मी आणि आणखी काही बालदंततज्ज्ञांनी मिळून लिहिला आहे. क्लिनिकचालकांच्या अडचणी त्यात यायला हव्यात, म्हणून तो आधी त्यांनी वाचावा असं आम्हाला वाटतं. बैठक रविवारी दुपारी ठेवली तर आमच्यातल्या बहुतेकांना येता येईल. सकाळी आम्ही सगळे चेअरवर असतो.

आपली,
एक बालदंततज्ज्ञ, ठाणे